अंगणवाडीच्या कोपऱ्यात बसून ठेवलेली वही

सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवून साठाव्या वर्षी मी निवृत्त झाले आणि पाठोपाठ आमच्या अंगणवाडीच्या बालविकास समितीवर माझे नाव घालण्यात आले. समितीच्या सभासदाने अधूनमधून यावे, आहार चाखून पाहावा, सही करावी आणि घरी जावे, एवढीच साधारण अपेक्षा असते. मला मात्र नोकरीतला एक जुना प्रश्न छळत होता. एकाच गल्लीतली, जवळपास सारख्याच परिस्थितीतली मुले अंगणवाडीतून पहिलीत येत, तेव्हा काही जण आठवडाभरात बोलते होत आणि काही जण दिवाळी आली तरी तोंड उघडत नसत. हा बुद्धीचा फरक नव्हे, हे इतक्या वर्षांत कळून चुकले होते. पण त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत या मुलांचे नेमके काय होते, हे पहिलीच्या शिक्षिकेला कधी पाहायला मिळत नाही, कारण दोन्ही खोल्या एकाच आवारात असल्या तरी त्या वेळी तिचा स्वतःचा वर्ग भरलेला असतो. आता सकाळी मोकळ्या होत्या. कार्यकर्तीची आणि पर्यवेक्षिकेची संमती घेऊन मी जूनपासून जमेल तशा सकाळी अंगणवाडीच्या कोपऱ्यात बसू लागले.

आमचे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, उचगाव-बेकिनकेरेच्या बाजूचे. लाल माती, भात, बटाटे आणि रताळी. घराघरांत मराठी आहे, कागदोपत्री सारे कन्नडमध्ये आहे. पूर्वेकडच्या तालुक्यांतून कामासाठी आलेली काही कन्नड कुटुंबे अलीकडे गावाच्या कडेला राहतात आणि त्यांची मुलेही याच अंगणवाडीत येतात. एका मुलीच्या घरी दखनी उर्दू बोलतात. म्हणजे पंचविसेक मुलांच्या एका खोलीत तीन घरभाषा, एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस, अशी ही मांडणी होती.

कार्यकर्ती माझीच विद्यार्थिनी. त्यामुळे काम सोपे होईल असे वाटणे साहजिक होते, पण झाले उलटे. जुन्या बाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या आहेत म्हटल्यावर तिने तपासणीचा दिवस असल्याप्रमाणे एकामागून एक अभिनयगीते घ्यायला सुरुवात केली आणि मुलेही पाहुण्यांसमोर वागावे तशी वागू लागली. त्या दिवसांतल्या टिपणांना काही अर्थ नाही. मग मी वही पिशवीत ठेवली आणि मदतनिसीबरोबर लसूण सोलायला, पालेभाजी निवडायला बसले. माझ्या तिथे असण्याचे अप्रूप संपले, तेव्हा आम्ही दोघींनी काही गोष्टी ठरवून घेतल्या. वही अंगणवाडीतच राहील. त्या दिवशी लिहिलेले त्याच दिवशी तिला वाचायला मिळेल. मुलांची नावे लिहायची नाहीत. आणि तिच्याबद्दल ‘चांगले’, ‘वाईट’ असा शेरा मी मारायचा नाही, फक्त कोण काय बोलले तेवढे उतरवायचे. शेवटची अट तिची होती, आणि सर्वांत उपयोगी तीच ठरली.

सुरुवातीला दिसेल ते सारे लिहीत गेले. पाने भरली, पण त्यांतून काही हाती लागेना. म्हणून पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे मुलाचे बोलणे, उजवीकडे मोठ्या माणसाचे बोलणे, असे लिहू लागले. उजवी बाजू भराभर भरत असे: बस, हात धू, रांगेत ये, माझ्यामागे म्हण, त्याला मारू नको. यातला एकही शब्द अनावश्यक नव्हता. इतक्या लहान मुलांच्या खोलीत हे शब्द नसतील तर कोणाला तरी लागायचेच. डावीकडे मात्र बहुतेक ठिकाणी ‘सगळे’ असे लिहावे लागत होते, कारण मुलांचे बोलणे म्हणजे प्रामुख्याने एका सुरातले उत्तर होते. ‘याचा रंग कोणता?’ ‘ला ऽ ल!’ असा घोष उठला की सगळ्यांना येते असा भास होतो. पुढच्या चार जणांना येत असते आणि मागचे त्यांच्या ओठांकडे पाहून सूर धरत असतात. मी स्वतः पहिलीच्या वर्गात हाच घोष वर्षानुवर्षे ऐकला आहे, पण कोपऱ्यातून मुलांचे चेहरे बाजूने दिसतात आणि कोण कोणाकडे पाहून बोलतो हे लपत नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या प्राथमिक वर्गांतली संभाषणे तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि लगेच स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे तिला आढळले. ही थांबण्याची वेळ सुमारे ३ सेकंदांपर्यंत नेली, की उत्तरे लांब होतात, गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. ही गोष्ट मी कार्यकर्तीला सांगितली. तिने घड्याळ न पाहता थांबण्याची स्वतःची युक्ती काढली: प्रश्न विचारून झाला की पाठीमागे धरलेल्या हाताचा अंगठा चारही बोटांना एकेक करून लावायचा आणि मगच पुढे बोलायचे. सांगायला हे सोपे आहे. पंचवीस मुलांसमोर ती शांतता पहिल्यांदा फार लांब वाटते आणि मधेच कोणीतरी कोणाचा तरी चिमटा काढतो.

तरीही वहीची डावी बाजू बदलू लागली, आणि त्यात पावसाचा वाटा मोठा होता. जुलैत आमच्याकडे पाऊस बसला की निम्मी मुले घरीच राहतात आणि हजेरीच्या दृष्टीने ते दिवस वाया गेलेले धरले जातात. माझ्या वहीतले सर्वांत लांब संवाद याच दिवसांतले आहेत. दहा-बारा मुले एका सतरंजीवर, पाठीशी भिंत, आणि कार्यकर्तीला कोणाच्याही तोंडाकडे पाहायला उसंत. एका मुलीने, जी घोषातसुद्धा ओठ हलवत नसे, अशाच एका सकाळी खिडकीकडे पाहत सांगितले, ‘आमचा आज्जा रताळ्याची येलं लावूलालाय.’ कार्यकर्तीने तिला ‘येलं नव्हे, वेल म्हणावे’ असे सांगितले नाही. ती म्हणाली, ‘आज्जा पावसात रताळ्याचे वेल लावतोय होय? मग भिजत नाही का तो?’ त्यावर गोणपाटाची खोळ, बांधावर ठेवलेली चहाची किटली, वेलाचे तुकडे कसे करतात आणि उंदीर काय खातात, असे बरेच काही बाहेर आले. शुद्ध रूप मुलीच्या कानावर पडले आणि तिचे बोलणे तुटले नाही. शुद्धलेखनाबाबत मी नोकरीत कडक म्हणून प्रसिद्ध होते आणि आजही आहे, पण चार वर्षांच्या मुलाशी बोलताना सुधारणेची जागा त्याच्या वाक्यात नसून आपल्या उत्तरात असते, या मताची मी या वहीमुळे झाले आहे.

थांबूनही न बोलणारा एक मुलगा होता. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघतो आणि पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, हे वहीत दोन-तीनदा उतरले, तेव्हा आम्ही त्याच्या आईला विचारले. कान अधूनमधून वाहतो, असे ती म्हणाली. लहान मुलांचे कान वाहायचेच, असा घरात समज होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या पथकासमोर त्याला मुद्दाम उभे केले आणि तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवणी झाली. उपचार लांबले, पण कान कोरडा झाल्यावर तो घोषातही मिसळू लागला आणि भांडणातही.

गणिताचा भाग मला सर्वांत रंजक वाटला. आमची मुले पन्नासपर्यंत अंक खडाखड म्हणतात आणि पालकांना त्याचा अभिमान असतो. अंक म्हणता येणे आणि मोजता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या मोजणीच्या तत्त्वांतून स्पष्ट होते: प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यावा लागतो, अंकांचा क्रम कायम ठेवावा लागतो आणि शेवटी म्हटलेला अंक हीच साऱ्या समूहाची संख्या असते. तिसरी गोष्ट मुलांना उशिरा उमगते. पाच चिंचोके मोजलेल्या मुलाला ‘मग किती झाले?’ असे विचारले, तर तो ‘पाच’ न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. चिंचोक्यांऐवजी आम्ही पुढे सागरगोटे घेतले, कारण एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता.

यासाठी वेगळा तास घेण्यापेक्षा जेवणाची वेळ वापरावी, असे कार्यकर्तीने सुचवले. बसलेल्या मुलांपुरत्या ताटल्या एका मुलाने आणायच्या, एवढेच काम. पहिल्या मुलाने हात भरेल तेवढ्या ताटल्या आणल्या. दुसऱ्याने एकेकाला विचारून एकेक ताटली आणली आणि तेवढ्या खेपा घातल्या. एका मुलीने आधी बोटाने मुले मोजली, वाटेत आकडा विसरली, परत येऊन पुन्हा मोजली आणि मग बोटांवर आकडा धरून गेली. तिच्या त्या दोन फेऱ्यांत जे शिकणे झाले, ते पाटीवर अंक गिरवून झाले नसते. मदतनीस मात्र वैतागली, आणि तिचे म्हणणे रास्त होते: भात निवतो, पाठीमागची मुले ढकलाढकली करतात आणि भांडी घासून तिला घरी म्हैस बघायची असते. शेवटी तोडगा असा निघाला, की अंड्याच्या दिवशी वाटप मुलांकडे आणि इतर दिवशी तिच्याकडे. अंडी नेमकीच असतात, एक कमी पडले तर कोणीतरी रडतो, त्यामुळे मोजणीला त्या दिवशी आपोआप धार येते.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कर्नाटकातल्या अंगणवाड्यांसाठी असलेले ‘चिलिपिली’ हे कृतिसाहित्य कन्नडमध्ये आहे आणि त्यातली गाणी मुलांना मनापासून आवडतात. ताल आणि हातवारे असल्यावर शब्द कुठल्या भाषेतले आहेत, याची मुलांना फिकीर नसते. तीच मुले कन्नड गोष्ट सुरू झाली की सतरंजीचे दोरे उपसू लागत, आणि गोष्ट मराठीत सांगितली की कन्नड घरातली मुले तेच करत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा या दोन्हींत लहान मुलांचे शिकणे घरच्या भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. मात्र एका खोलीत तीन घरभाषा असतील तर दिवस कसा लावायचा, हे शेवटी कार्यकर्तीलाच ठरवावे लागते.

आम्ही हळूहळू असे बसवले: गोष्ट आणि गप्पा घरच्या भाषेत, आणि हात धुणे, पाणी, दूध, चपला ठेवणे अशा रोजच्या कृतींच्या सूचना कन्नडमध्ये, कारण तिथे अर्थ डोळ्यांना दिसतो. ‘कै तोळको’ (हात धू) म्हटल्यावर नळाकडे धावणाऱ्या मराठी मुलाला ते भाषांतर करून सांगावे लागत नाही. २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत दूध मिळते, त्यामुळे ‘हालु’ हा शब्द तर सगळ्यांत आधी पक्का झाला. कन्नड घरातल्या मुलांशी कार्यकर्ती आल्या आल्या कन्नडमध्ये बोलते, आणि गोष्ट मराठीत झाली की त्यातल्या मोठ्या मुलीला ती चित्रे दाखवून कन्नडमध्ये सांगायला लावते. दखनी बोलणाऱ्या मुलीसाठी आमच्यापाशी वेगळे काही नव्हते. तिने आपणहून मराठी उचलली, ती बहुधा बाहुलीच्या खेळात. सीमाभागाच्या प्रश्नावर माझी मते आहेत, ती गावात सर्वांना ठाऊक आहेत आणि ती बदललेली नाहीत. पण चार वर्षांच्या मुलाला पाणी मागताना कोणत्याही भाषेचे भय वाटू नये, यावर मतभेद असण्याचे कारण मला दिसत नाही.

ऑगस्टमध्ये पालकसभा झाली आणि अपेक्षेप्रमाणे लेखनाचा विषय निघाला. सकाळी गावातून इंग्रजी माध्यमाच्या शाळेची व्हॅन जाते. त्या व्हॅनमधले मूल ए ते झेड लिहून दाखवते आणि आमचे मूल मात्र चिखलाची भाकरी घेऊन घरी येते. पालकांना याचे वाईट वाटते आणि वाटणारच. मी त्यांना पहिलीची बाई म्हणून जे पाहिले होते तेवढेच सांगितले. अंगणवाडीतच वही गिरवून आलेली काही मुले पेन्सिल मुठीत घट्ट आवळत, अक्षर खालून वर काढत, आणि ती सवय मोडायला मला दुप्पट वेळ लागे. उलट जे मूल गोष्ट क्रमाने सांगू शकते, ‘कमळ’ आणि ‘कणीस’ यांची सुरुवात सारखी आहे हे कानाने ओळखते आणि कागद हाताने सरळ फाडू शकते, ते मूल लिहायला वेगाने शिकते. माती मळणे, मणी ओवणे, रांगोळीचे ठिपके, फरशीवर खडूने मोठ्या रेघा, हीच या वयातली लेखनाची तयारी. चिंचोक्यांऐवजी आम्ही पुढे सागरगोटे घेतले, कारण एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता.

यातले काहीच नवे नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काम केले, तेव्हा माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी गारगोट्या, पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज पालकांना अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि लसीचे ठिकाण वाटते, शिकण्याचे वाटत नाही. सभेत सगळ्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. एका वडिलांनी पुढच्याच महिन्यात मुलाला व्हॅनमध्ये बसवले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. नवरा-बायको दोघेही दिवसभर रानात असतात, व्हॅन मुलाला सकाळी नेते आणि संध्याकाळी आणते, आणि इंग्रजी येत नसल्याने काय भोगावे लागते, हे त्यांनी बेळगावात हमाली करताना पाहिलेले आहे.

वहीतून आणखी एक गोष्ट समोर आली, जी कार्यकर्तीला आधीच माहीत होती. हातात मोबाइल आला की डावी बाजू रिकामी होते. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अॅप आले आणि हजेरी, वजन, उंची, आहार हे सारे त्यात भरावे लागते. शिवाय रजिस्टरे आहेत, सर्वेक्षणे आहेत आणि मतदार यादीचे कामही आहे. अॅपमधली नोंद चुकवता येत नाही आणि तिचे महत्त्वही मी नाकारत नाही, कारण वजन न घेतलेल्या मुलाचे कुपोषण कोणाला दिसणार? तिने फक्त वेळ बदलली. मुले जेवून झोपल्यावर नोंदी, आणि सकाळचे दोन तास मोबाइल कपाटात. नेटवर्क नसेल त्या दिवशी हे नियोजन कोलमडते आणि ती संध्याकाळी घरून नोंदी भरते, ज्याचे तिला कोणी वेगळे मानधन देत नाही.

वर्ष संपताना पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी तिने अर्ध्या पानाचे टिपण तयार केले. ते माझ्या वहीवरून उतरवलेले नाही. ते तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले आहे: हे मूल कोणाशी बोलते, कशाबद्दल बोलते, किती वस्तू न चुकता आणून देते, कन्नड सूचना किती समजते, कशाला घाबरते. पहिलीत सुरुवातीचे तीन महिने ‘विद्याप्रवेश’ या खेळांवर आधारित उपक्रमाचे असतात. त्या काळात हे टिपण हाताशी असेल तर प्रत्येक मुलाशी बोलायला सुरुवात कुठून करावी हे शिक्षिकेला कळेल, असा आमचा विचार होता. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावीत, असा राज्याचा नियम आहे; २०२५-२६ साठी त्यात सवलत दिली होती. या नियमामुळे काही मुले यापुढे अंगणवाडीत आणखी काही महिने राहतील. त्यांना तीच गाणी पुरणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी गोष्टीच्या क्रमाची चित्रकार्डे काढायचे काम माझ्याकडे आले आहे.

पहिलीच्या सध्याच्या शिक्षिकेने टिपणे वाचून दोन रकाने वाढवून मागितले: मुलाच्या डोळ्यांची आणि कानांची तपासणी कधी झाली, आणि त्याला किती अक्षरे ओळखता येतात. पहिला रकाना कार्यकर्तीने लगेच आखला. दुसऱ्याला तिने सरळ नकार दिला. हा रकाना असला, की पुढच्या वर्षी पालक तोच आधी वाचतील आणि मीसुद्धा तोच भरण्यासाठी शिकवू लागेन, असे तिचे म्हणणे. पहिलीच्या शिक्षिकेला ते पटलेले नाही. मला दोघींचेही कळते, आणि मत विचारले तेव्हा मी कार्यकर्तीच्या बाजूने दिले. पण वर्ग त्या दोघींचे आहेत, तेव्हा पुढचे त्यांनीच आपसात ठरवायचे आहे.